गाडीचं चौथं दार

गाडी धुवायची तर सुरुवात टपापासून करायची, हे भाऊजींनी शिकवलेलं. घाण खालीच येते, तेव्हा माणसानंही तिच्या पाठोपाठ खाली यावं, असं ते म्हणत. म्हणून मामा भल्या सकाळी विजार गुडघ्यापर्यंत दुमडून स्टुलावर उभे होते आणि व्हरांड्यातल्या खुर्चीतून ताई त्यांच्यावर नजर ठेवून होती.

"पुस्तक्या, पडशील."

"नाही पडत."

"पडलासच तर गाडीवर पडू नकोस. पोचा येईल."

ताई त्यांची थोरली बहीण. गुडघे गेल्यापासून तिचं राज्य त्या खुर्चीपुरतं उरलं होतं. पण तेवढ्यावरून ती सगळं घर चालवायची. भाऊजी गेल्यावर मामा आपली पुस्तकांची खोकी घेऊन तिच्याकडे राहायला आले, ते कायमचेच. संसार त्यांनी केला नव्हता. विचारायचं ठरवेपर्यंत समोरच्या मुलीचं लग्न होऊन जायचं, असं ताई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे, आणि मामा मान खाली घालून हसत.

गाडी भाऊजींची. शाईच्या रंगाची, जुनी, चार दारांची. आज ती ताईच्या लेकीची, ठकीची, होणार होती. ठकी कालच आली होती. मोठ्या रुग्णालयात परिचारिका. उद्या सकाळी तिची कामाची पाळी. दुपारी गाडी घेऊन निघायचं, घाट उतरून उजेडात घरी पोचायचं, असं ठरलेलं. ताईची अट एकच होती. गाडी ह्या घरातून जाईल ती ह्यांच्या पद्धतीनं चकचकीत होऊनच जाईल.

ह्यांची पद्धत म्हणजे दिवसभराचं काम. दोन बादल्या, एक साबणाची, एक फडकं खळबळायची. धुऊन झालं की मऊ टॉवेलनं टिपायचं, घासायचं नाही. मग मातीच्या मऊ गोळ्यानं पत्रा चाचपत जायचं, म्हणजे रंगात रुतलेली कणकण निघते. मग पॉलिश. मग डबीतलं वॅक्स, अगदी पातळ, पोळलेल्या हाताला मलम लावावं तितक्या हलक्या हातानं. ते सुकून पांढरं झालं की बोटानं एक रेघ ओढून बघायची. रेघ स्वच्छ उठली की कोरड्या फडक्यानं पुसून काढायचं. पांढरं जातं आणि खालून आरसा वर येतो.

तीन दारांना मामा हे सगळं दर खेपेला करत. चौथ्याला करत नसत.

चौथं म्हणजे व्हरांड्याकडच्या बाजूचं मागचं दार. ते धुतलं जाई, टिपलं जाई, आणि तिथंच थांबे. इतक्या वर्षांत ते मळक्या पाटीसारखं झालं होतं. गल्लीतले लोक थट्टा करत, "मामा, ह्या दारानं काय घोडं मारलंय?" मामा म्हणत, रंग गेलाय त्याचा. आमटीत मीठ जरा कमी पडलेलंही ताईला खुर्चीतून कळे. पण त्या दाराबद्दल ती कधी चकार शब्द काढत नसे.

त्याचं कारण दोघांनाच ठाऊक होतं. भाऊजींनी मामांना वॅक्स शिकवलं तो दिवस. दोघं खांद्याला खांदा लावून त्या दारापाशी बसले होते. पांढरं पुसलं गेलं आणि दारात व्हरांडा उमटला. ताई खुर्चीत दिसली. मामा स्वतः दिसले, दाराच्या फुगीरपणामुळं बुटके आणि गालफुगे. आणि त्यांच्या शेजारी, जिथं भाऊजींचा घामेजलेला खांदा त्यांच्या खांद्याला लागत होता, तिथं व्हरांड्याच्या पायऱ्या दिसल्या.

मामांना स्वतःच्या कुठल्याच गोष्टीची खात्री नसे. कुलूप लावलं का हे बघायला ते कोपऱ्यावरून परत येत. तरी त्या दिवशी त्यांच्या तोंडून निघून गेलंच, "भाऊजी, तुम्ही दिसत नाही यात."

"चहा प्यायला गेलो असेन," भाऊजी म्हणाले होते, आणि ताई खुर्चीत पोट धरून हसली होती.

पुढच्या वॅक्सची वेळ यायच्या आत भाऊजी झोपेतच गेले. त्यानंतर त्या वाक्यावर दोघांपैकी कुणी बोललं नाही. मामांनी दार तसंच ठेवलं, ताईनं ठेवू दिलं.

"मामा, हे काय रे?" ठकी अर्धं खाल्लेलं सफरचंद हातात घेऊन व्हरांड्यातून उतरली. "तीन दारं नवरीसारखी आणि हे एक विहिणीसारखं!"

"रंग गेलाय त्याचा," मामा मागच्या चाकापाशी बसून म्हणाले.

ठकीनं दाराला बोट लावलं, चोळलं, बोटाकडे पाहिलं. "काही गेलाबिला नाही. नुसता मळ बसलाय. आळशी आहेस. आण इकडे ती डबी."

"अगं, राहू दे ते," ताई म्हणाली.

आवाज तिचा नेहमीचा नव्हता. ठकीनं मान वर केली. "का?"

आता ह्या का-ला काय उत्तर द्यायचं? मामांनी ताईकडे पाहिलं, ताईनं मामांकडे. एकदा काचेसारख्या पत्र्यात एक माणूस दिसला नव्हता, एवढंच. ते दिवसाढवळ्या, हातात ब्रश आणि पायाशी बादली असताना बोलून दाखवायचं म्हणजे ह्या मुलीनं दोघांचाही ताप बघितला असता.

"हात दुखतील तुझे," मामा म्हणाले.

"मी माणसं उचलते रोज," असं म्हणून ठकीनं बाह्या सरसावल्या.

मामा चाकांच्या खाचा ब्रशनं घासत राहिले. मातीचा गोळा फिरल्याचा सूं सूं आवाज त्यांना गाडीपलीकडून येत होता, मग पॉलिशचा वास, मग वॅक्सच्या डबीचं झाकण. थांबवावं असं दर वेळी वाटे, आणि दर वेळी वाटे, आपण कोण मोठे पाहणारे लागून गेलो? डोळे तेव्हाही चष्म्याचेच होते. ऊन असेल. कोन असेल. ते उठून बादली बदलायला पुढे आले तेव्हा दार पांढरं झालं होतं आणि ठकीनं बोटानं रेघ ओढून पाहिली होती.

ती गुडघ्यांवर बसली आणि पिवळ्या फडक्यानं पुसू लागली. मामा बादली घेऊन तिच्या मागं उभे राहिले.

पांढऱ्यात एक खिडकी पडली, मग ती मोठी झाली. आधी व्हरांड्याचा खांब आला. मग खुर्ची, खुर्चीत ताई. मग कडेला, अगदी टोकाला, बादली धरलेले मामा. आणि मधोमध ते पिवळं फडकं. ते गोल गोल फिरत होतं, मागून स्वच्छ काळं-निळं उघडत होतं, कोपऱ्यात जाऊन दुमडत होतं, परत येत होतं. त्याच्यावर हात नव्हता. हातामागं दंड नव्हता. ठकीची लाल ओढणी नव्हती. ज्या जागी ती बसली होती तिथून पायऱ्या सरळ, अडथळ्याविना, दिसत होत्या.

"झक्क!" ठकी म्हणाली. तिनं वाकून त्या दारात बघत केस कानामागं सारले, ओठांवरचा सफरचंदाचा कण टिपला. "बघ, मीसुद्धा सुंदर दिसतेय यात."

"दिसतेस?" मामांनी विचारलं.

"म्हणजे काय, मामा? इतकीही वाईट नाही मी."

मामांनी बादली खाली ठेवली. ते डावीकडे सरकले, उजवीकडे सरकले, चष्मा काढून सदऱ्याला पुसला. दारातले मामाही डावीकडे सरकले, उजवीकडे सरकले, चष्मा पुसला. मधली जागा रिकामीच राहिली. तिथं फक्त एक अर्धं सफरचंद पायरीवर ठेवलेलं होतं.

"आज नको जाऊस," मामा म्हणाले.

"उद्या पाळी आहे."

"रजा टाक."

"मामा, चार जणींच्या जागी दोघी आहोत आम्ही. नाही गेले तर त्या खाटांवरच्या लोकांना पाणी कोण पाजणार, तू?" ती उठून हात झटकू लागली. "काय झालंय तुला? रंग बघ चेहऱ्याचा."

"ठके," खुर्चीतून ताई म्हणाली, "आंघोळ करून घे, वॅक्सचा वास येतोय तुला. आणि सामान आवर. सावकाश आवर."

ठकी गेली. आतून नळाचा आवाज येऊ लागला तेव्हा ताई म्हणाली, "नाही ना दिसली?"

मामांनी मान हलवली. ताई रडली नाही. खुर्चीच्या हातांवर तिची बोटं मात्र पांढरी झाली.

"मला इथून नीट दिसत नाही," ती म्हणाली. "मी मुद्दाम तिकडं बघितलंच नाही. पुस्तक्या, काहीतरी कर. एवढी पुस्तकं वाचलीस जन्मभर, त्यांचा आज काही उपयोग होत असेल तर कर."

पुस्तकांत असलं काही नव्हतं. पण मामांनी पुस्तकं नुसती वाचली नव्हती. छापखान्यात त्यांनी उभा जन्म प्रुफं तपासली होती, तीही शिशाचे खिळे जुळवून ओळी भरत त्या काळापासून. तिथं एक गोष्ट मात्र ते खात्रीनं शिकले होते. पहिल्या प्रुफात शब्द गळलेला असतो, म्हणजे तो पुस्तकातून गेला असं नाही. गळलेल्या जागी छपरासारखी टोकदार खूण करायची, समासात शब्द लिहायचा, आणि दुसरं प्रूफ मागवायचं. दुसऱ्या प्रुफात शब्द जागेवर येतो.

"दुसरं प्रूफ काढतो," मामा म्हणाले.

"काय काढतोस?"

"पुस्तक अजून छापून झालेलं नाही, ताई. हे नुसतं पहिलं प्रूफ आहे."

ताईला कळलं की नाही कोण जाणे. पण ती म्हणाली, "मग बसलास काय?"

मामांनी भांड्यांचा साबण आणला. भाऊजी असते तर ओरडले असते. भांड्यांचा साबण वॅक्स खातो, तो गाडीला कधी लावायचा नाही. मामांना आज तेच हवं होतं. त्यांनी दार फेसानं भरलं, धुतलं, टिपलं, पुन्हा धुतलं. आरसा गेला. हात चालत होते आणि डोक्यात छापखान्यातला जुना जुळारी बोलत होता. बोटं शिशानं काळी झालेला तो म्हातारा, मामांनी खूण केलेला कागद हातात आला की कपाळावर आठी घालायचा. "साहेब, ओळ भरलेली आहे. तुम्ही मधे एक शब्द घुसवला की टोकाचा एक बाहेर पडतो. त्याला मी कुठं ठेवू, खिशात?" मामा कसनुसं हसायचे आणि सांगायचे, पडू दे.

दाराच्या टोकाला कोण उभं होतं ते मामांनी पाहिलेलं होतं. त्यांनी डबी उघडली.

वॅक्स त्यांनी इतकं पातळ लावलं की भाऊजींनीही पाठ थोपटली असती. झाडावरून एक पान टपावर पडलं ते मामांनी उचलून खिशात घातलं. दार हळूहळू पांढरं होत गेलं, कोऱ्या कागदासारखं.

"ठके!" ताईनं हाक मारली. "बाहेर ये. माझ्याजवळ उभी राहा."

ठकी ओले केस आणि खांद्याला पिशवी घेऊन आली. "अरे, परत का लावलंस? मी केलेलं पसंत नाही पडलं?"

"डाग राहिला होता," मामा म्हणाले. "तिथंच थांब. हलू नकोस."

"फोटो काढतोयस का?"

"गप्प उभी राहा म्हटलं ना!" ताई इतक्या जोरात म्हणाली की ठकी शहाण्या मुलीसारखी खुर्चीला टेकून उभी राहिली.

मामा दारापुढं बसले. बोट पुढं केलं आणि तसंच हवेत धरलं. जागा चुकली तर? आयुष्यभर प्रत्येक खूण त्यांनी तीनदा तपासून केली होती. आता तपासायला काही नव्हतं. सगळं पांढरं होतं. त्यांनी अंदाज घेतला. इथं खांब, इथं खुर्ची. त्यांच्या मधे त्यांनी ती टोकदार खूण काढली, आणि दाराच्या कडेशी, समास असावा तिथं, बोटानंच लिहिलं, ठकी. मग फडकं घेतलं.

खांब आला. खुर्ची आली, खुर्चीत डोळे मिटून बसलेली ताई. खूण पुसली गेली, आणि त्या जागी आधी एक लालसर धूसरपणा आला, काचेवर श्वास टाकल्यासारखा. फडक्याचे आणखी दोन फेरे. ओढणी झाली. ओले केस. कंटाळून एका पायावर भार दिलेली, पिशवीचा पट्टा सावरणारी ठकी.

मामांनी फडकं खाली ठेवलं.

"आली?" ताईनं डोळे न उघडताच विचारलं.

"आली."

"कोण आली?" ठकी म्हणाली. "तुम्हा दोघांना एकत्र ठेवायला नको, खरंच सांगते." पण ती खाली आली, मामांच्या डोक्यावर टपली मारली, आईच्या पाया पडता पडता गुडघ्यांना मलम लावायची आठवण केली, आणि गाडीत बसली. शाईच्या रंगाची गाडी ऊन अंगावर घेत फाटकाबाहेर गेली. चार दारं सारखी चकचकीत, अशी ती कित्येक वर्षांत पहिल्यांदाच रस्त्यावर उतरत होती. कोपऱ्यावर तिनं हॉर्न वाजवला.

पण ती लगेच परत आली. चहाचा थर्मास विसरली होती. फाटकाशी गाडी चालूच ठेवून ती आत धावली, तेवढ्यात मामांना दाराच्या खालच्या कडेला वॅक्सची एक पांढरी रेघ राहिलेली दिसली. असली रेघ त्यांना सोडवत नसे. ते फडकं घेऊन वाकले.

दारात फाटक होतं, त्यामागं व्हरांडा, लांबवर खुर्चीतली ताई, थर्मास घेऊन पायऱ्या उतरणारी ठकी. आणि खालच्या कडेशी पिवळं फडकं. ते पांढऱ्या रेघेवरून मागंपुढं, मागंपुढं, नीट काळजीपूर्वक फिरत होतं, एकटंच.

मामांनी रेघ पूर्ण पुसली. आधी वाटलं होतं त्यापेक्षा भीती कमी वाटली. खात्री असणं म्हणजे हे असं असतं तर, असं त्यांच्या मनात आलं.

"हळू चालव," ते ठकीला म्हणाले.

संध्याकाळी, दिवे लागायच्या आत, तिचा फोन आला. पोचले, घाटात गर्दी नव्हती, आणि मामाला सांग की वाटेत पेट्रोल भरणाऱ्यानं विचारलं, गाडी नवी घेतलीत का? ताईनं फोन बंद केला आणि तो मांडीवर धरून बसली. मामा फडकी धुऊन दोरीवर वाळत घालत होते.

"पुस्तक्या."

"अं?"

"ती थर्मास घ्यायला आली तेव्हा तू दारापुढं वाकला होतास. मी ह्या वेळी बघितलं." ताईचा आवाज बारीक झाला. "ऊन त्यावर होतं, मला नीट नसेल दिसलं. पण मला फडकं दिसलं नुसतं."

"लांब आहे ते, ताई. तुझा चष्माही जुना झालाय."

"थापा मारू नकोस. लहानपणापासून तुला जमत नाहीत."

ताईनं खुर्चीचे हात धरले. दात आवळून ती उठली, आणि जिनं महिनोन्‌महिने त्या पायऱ्यांवर पाऊल ठेवलं नव्हतं ती एकेक पायरी बसत-उठत खाली आली. दोरीवरचं पिवळं फडकं, अजून पाणी गळत होतं तरी, तिनं ओढून घेतलं.

"पुढच्या रविवारी ठकीला गाडी घेऊन यायला सांगितलंय मी. ते दार मी करणार. साबण, वॅक्स, सगळं बघून ठेवलंय. फक्त तू बोटानं काढलीस ती खूण कशी काढायची तेवढं दाखव, मला वरून दिसली नाही."

"ओळ भरलेली आहे, ताई. एक आत घेतला की टोकाचा एक..."

"मला शिकवू नकोस. टोकाला मी उभी राहीन. दाखव."

अंगणात गाडी उभी असे तिथं जमीन कोरडी होती, भोवती ओली. मामा तिथं बसले. समोर त्यांची बहीण एक हात खांबाला धरून, दुसऱ्या हातात ठिबकणारं फडकं घेऊन उभी होती, आणि तिच्या तोंडावर, लहानपणी ती मोठ्यानं ओरडून त्यांची शिक्षा स्वतःवर घ्यायची तेव्हाचा भाव होता.

प्रुफाच्या खुणा पुष्कळ असतात. त्यातली एक ओळीखाली टिंबांची, शेजारी शेजारी, बारीक. तपासणाऱ्याचं मन बदललं, केलेली दुरुस्ती नको झाली, की ती खूण करतात. तिचा अर्थ, आहे तसंच राहू द्या.

उभ्या जन्मात मामांनी एकही खूण चुकीची केली नव्हती.

"नीट बघ हं," ते म्हणाले, आणि कोरड्या मातीत बोटानं एकापुढं एक टिंबं काढू लागले.